वरचं पाणी

आधी वास आला.
पिकल्या द्राक्षांचा, जळिताच्या वॉर्डात.
नवीन नर्सला वाटलं, कुणी फळं आणलीत.
मी पट्टीवरची हिरवट ओल पाहिली,
आणि जंतूचं नाव मनातच घेतलं.

खाट अकरा. सोजरबाई.
जुन्या नांदेडात मुरमुऱ्याची भट्टी.
कढई कलंडली, तापली वाळू कोपरापर्यंत.
तिचा जंतू मी बशीत वाढवला,
भोवती औषधांच्या सात चकत्या मांडल्या.
सकाळी तो सातांनाही खेटून बसलेला,
बाजाराच्या दिवशी पारावर माणसं बसतात तसा.

उरलं होतं एकच, जुनं औषध.
त्याने हात वाचवला,
जाताना मूत्रपिंडं घेऊन गेलं.
"सुक्यासंगं वलं बी जळतंय, बाई,"
ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात.
भट्टीवरचं रोजचं काही सांगावं, तसं.

तेव्हापासून मी सतरा अक्षरांचा एक शब्द लिहितेय.
अक्षरं अमिनो आम्लांची.
शब्दाला अर्थ नाही, फक्त पीळ आहे:
एक अंग पाण्याकडे, एक तेलाकडे.
जंतूच्या कातडीवर ऋण भार असतो,
आपली पेशी बाहेरून जवळपास उदासीन,
तिच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचा गिलावा.
फरक एवढाच.
एवढ्यावरून शब्दाने दार ओळखायचं,
आणि शेजाऱ्याची कडी वाजवायची नाही.

कल्पना माझी नाही, बेडकाची आहे.
विष्णुपुरीच्या डबक्यात जन्म काढतो,
कातडी सडत नाही.

पहिल्या शब्दाने वीस मिनिटांत बशी कोरी केली.
मी अझहरला चहा पाजला.
मग रक्ताची पाळी. रक्त माझंच.
पेशी धुवायच्या, शब्दासोबत तासभर उबेत ठेवायच्या,
मग नळी गरगर फिरवायची.
पेशी शाबूत असल्या तर तांबडं तळाशी बसतं,
वरचं पाणी नितळ.
माझ्या नळीत खालपासून वरपर्यंत
डाळिंबाचं सरबत.

बाराव्या शब्दाने रक्त राखलं, जंतूही राखला.
असला सज्जन काय कामाचा.
एकोणिसावा साध्या पाण्यात शूर,
रक्ताएवढ्या मिठात मुका.
"मॅडम, तुमच्यात उरलंय का काही?"
सुई लावताना अझहर विचारायचा.

मंगळवारी, शुक्रवारी सोजरबाई डायलिसिसला येते.
कागदाच्या पुडीत माझ्यासाठी मुरमुरे,
तिला स्वतःला आता मीठ वर्ज्य.
एकदा मी विचारलं,
एवढ्या तापल्या वाळूत दाणा फुलतो, जळत कसा नाही?
"वाळू तापवाया कुणाला बी येतं.
चाळणी कवा उचलायची, ते हाताला कळाया लागतं."
मग भाजल्या हाताची बोटं, जेवढी मिटतात तेवढी, मिटून:
"मव्हा हात एवढा जुना. तरी एक दिवस चुकला."

पंचविसाव्यात नववं अक्षर बदललं.
ल्युसिन काढलं, लायसिन बसवलं.
तेलकटपणा थोडा उतरला. बस.

हे औषध नाही.
मूत्रपिंडाच्या पेशींवरची चाचणी बाकी,
उंदीर बाकी, वर्षं बाकी,
पुढच्या हप्त्याची मंजुरी दीड वर्षापासून बाकी.
आणि सोजरबाईचं जे गेलं
ते माझ्या कुठल्याच शब्दाने परत यायचं नाही.
तिलाही हे माहीत आहे, तरी मुरमुरे आणते.

काल रात्री साडेनऊला
लाइट दोनदा जाऊन आल्यावर
यंत्र थांबलं.
बशी सकाळीच कोरी झालेली.
नळी मी ट्यूबलाइटसमोर धरली.
तळाशी माझं रक्त, मुगाच्या दाण्याएवढं, गप्प.
वर पाणी.
इतकं नितळ की पलीकडून डकवलेल्या चिठ्ठीवरचं
माझंच अक्षर आरपार, उलटं, वाचता आलं:
सो, पंचवीस.

अझहर घरी गेला होता.
मी पुडी उघडली,
आणि उभ्याउभ्या मूठभर खाल्ले.
मऊ पडले होते.