आला असावा

तीन वाजून सात मिनिटांनी फोन थरथरतो,
उशीखाली नाही, भिजत घातलेल्या डाळीच्या पातेल्याशेजारी,
कारण या आठवड्याची पाळी माझी
आणि पाळी असली की मला झोप लागत नाही,
मी ओटा पुसत बसते.

हंट्सव्हिल गाढ आहे.
गव्हर्नर्स ड्राइव्हवर एक ट्रक, त्याच्यामागे काही नाही.
वर, साडेपाचशे किलोमीटरवर,
मिठाच्या चुलत घराण्यातले बारा स्फटिक
एकदम उजळले. अकरा सेकंद.
मग आलेख पुन्हा खुरट्या गवतासारखा.

सूर्य नव्हे, तो पृथ्वीआड आहे.
वादळातली वीजही नव्हे, ती इतकी रेंगाळत नाही.
दोन शिखरं: पहिलं ताठ, दुसरं कलंडलेलं.
एक तारा कोसळला असणार,
ही जमीन, हा ओटा, ही डाळ
कशाचाच पत्ता नव्हता तेव्हा.

मेरिलंडहून थॅडियस लिहितो:
थांब, मोठ्या दुर्बिणीची मोजणी उतरू दे.

ती दुपारी उतरते.
आणि तिच्यात, एकोणीस मिनिटं उशिरा,
मांडव सोडून झाल्यावर, बल्ल्या ट्रकवर चढल्यावर
कुणी पाहुणा फेटा सावरत यावा, तसा
एकच कण.
दिव्याच्या उजेडाच्या कणाहून
दहा अब्ज पट दांडगा.
आरशाला तो जुमानत नाही.
टंगस्टनच्या पातळ पत्र्यात शिरतो आणि संपतो,
मागे उरतात दोन ओरखडे, चिमट्याच्या पायांसारखे.
आम्ही ओरखड्यांवरून उलटं चालत जातो.
ताऱ्याची जागा पाव अंशावर.

पाव अंश म्हणजे तोच का?
योगायोगाची शक्यता हजारात तीन.
थॅडियसला ‘सापडला’ हवंय.
रेना, नवी विद्यार्थिनी, म्हणते, वाक्यच गाळू या.
एका इंग्रजी क्रियापदावर
आमचे पन्नास मिनिटं हात अडकलेले.

माझ्याकडे ते केव्हाचं तयार आहे.
शाळेत कोंडिबा शिपाई
घंटेखाली डोळे मिटून बसायचा
आणि फाटकापाशी वहाणा करकरल्या की म्हणायचा,
“इन्स्पेक्टर आले असावेत.”
उठून बघायचा नाही.
शंभरात दहादा तो पोस्टमन निघायचा
आणि कोंडिबा खोटा ठरायचा नाही,
कारण ‘असावेत’मध्ये पोस्टमनचीही सोय होती.

आला असावा.
पण हे जगभरच्या वेधशाळांना कसं कळवू?
मी आकडा लिहिते. शून्य, टिंब, शून्य, शून्य, तीन.
रेना स्वल्पविराम हलवते. थॅडियस सुस्कारतो.
पाठवलं.

घरी डाळ फुगून पातेल्याबाहेर आलेली,
वास किंचित आंबूस.
हुंगून पाहिली, पुन्हा हुंगली.
चांगली असावी.
शिजवली.