बरणीतले देश

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमागे, गाळा नंबर चौतीस.
नवरा टायर चढवतो, मी खडे काढते.
खाचांत रुतलेले, एकेक, जुन्या स्क्रूड्रायव्हरने,
नाहीतर नवं रबर धरत नाही.

फेकून द्यायचे असतात ते. मी ठेवते.
लोणच्याच्या तीन बरण्या, झाकणावर मार्करने:
नेपाळ. भूतान. बेनापोल.
बेनापोल हा देश नाही, नाका आहे नुसता,
हे सहा महिन्यांनी कळलं.
तोवर शाई सुकली होती.

मी स्वतः खालापूरच्या टोलपुढे एकदाच गेलेय,
नणंदेच्या साखरपुड्याला,
आणि तेव्हाही झोपले होते.
पण रस्ता मला टायरावरून कळतो,
भाकरीच्या पाठीवरून तवा कळावा तसा.

नेपाळचा टायर कडेने खाल्लेला येतो.
वळण, वळण, खाली नदी, म्हणतो निरंजन महतो,
रक्सौलवरून सळया टाकून परतलेला.
खडे धारदार, डोंगरातून कालच सुटल्यासारखे,
बोट कापतात.

भूतानचा झिजतो सावकाश, सगळीकडे सारखा,
शिस्तीत जेवून उठलेल्याच्या ताटासारखा.
तिकडे म्हणे बायका बसलेल्या असतात घाटात
डांबराचा डबा घेऊन,
भेग दिसली की लगेच, मोठी व्हायची वाट न बघता.
मी विचारलं, त्या तिथल्याच का?
महतोने चहा फुंकला.
एकीशी बोललो होतो, दुमक्याची निघाली.
आपलीच.

बेनापोलच्या बरणीत दगड जवळजवळ नाहीतच.
लाल चुरा.
तिकडे दगड मिळत नाही फारसा, म्हणून वीट भाजतात
आणि भाजलेली वीट पुन्हा फोडून
रस्त्यात घालतात.
भिंत व्हायची ती वाट होते.
मला हे आवडतं, का ते सांगता येत नाही.

वजनकाट्यावरचे घरत म्हणतात,
काय वहिनी, बघा आपला हायवे,
आठ पदरी, रात्री दिवाळी!
खरंच आहे. गच्चीवरून दिसतो.
फक्त त्या हायवेपासून गाळ्यापर्यंत
चारशे पावलं आहेत,
ती कुणाची, यावर तीन ऑफिसं आहेत.

एकाने पेव्हर ब्लॉक लावले पुलापर्यंत.
दुसऱ्याने डांबर ओतलं पानटपरीपर्यंत.
तिसऱ्याने येऊन खड्ड्याभोवती पांढरा गोल काढला,
आत आकडा लिहिला, सतरा, आणि फोटो.
खड्डा वाढला, गोल आत पडला,
रंग मात्र पक्का होता.
म्हणजे सरहद्द आमच्या दारासमोरूनच जाते,
झेंडा नाही, शिपाई नाही,
कागद कुठे दाखवायचा तेही कुणी सांगत नाही.

सतरामध्ये काय काय पडलं:
कुणाच्या तरी न्हाणीघराची निळी फरशी,
फुटकी कुंडी,
नवऱ्याने टाकलेले टायरचे तुकडे,
आणि श्रावणातल्या एका रात्री
घरतांचा धाकटा, स्कूटरसकट.
गुडघ्यात सळई आहे आता. जिना एकेक पायरी चढतो.
घरत त्यानंतरही आठ पदरी म्हणतात,
पण हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी मी बरण्या उतरवल्या.
आधी नेपाळ, मोठे खडे तळाला.
मग भूतान.
वरून बेनापोल, लाल, कुंकवासारखं दिसलं म्हणून
पायाने जरा पसरवलं.
नवरा म्हणाला, किती दिवस टिकेल?
मी म्हटलं, तुझं रिमोल्ड किती टिकतं?

चार दिवस टिकलं.

काल तळोज्याचा पाण्याचा टँकर आला,
एमआयडीसीबाहेर कधी न गेलेला,
मागचा डावा टायर उतरवून दिला.
खाचेत धारदार एक खडा,
आणि कडेला लालसर काहीतरी.
ड्रायव्हर म्हणाला, काय झालं ताई?
काही नाही.
खडा हातात घेऊन उभी राहिले थोडा वेळ.
तिन्ही बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या,
झाकणांवरची नावं
घासूनही गेलेली नाहीत.