पहिली दहा मिनिटं

धाकू परबांनी तो सिनेमा एकेचाळीस वेळा पाहिला होता,
सुरुवात एकदाही नाही.

ग्रँट रोडच्या त्या थिएटरात रविवारी सकाळी
हॉलिवूडची जुनी काळी-पांढरी चित्रं लागत.
ठरलेली पेटी आली नाही की मालक हीच लावायचा,
आणि पहिली दहा मिनिटं परबांची बॅटरी
उशिरा आलेल्यांच्या पायांपुढे चालायची.
एफ सतरा. एफ अठरा. पायरी हा, सांभाळा.
ते वळून बघेपर्यंत
पडद्यावरचा तो किडकिडा माणूस
आधीच कर्जात, आधीच उपाशी,
आणि काखेत त्याचा थोर शोध:
आपोआप उघडणारी छत्री,
जी उघडायची फक्त नको तेव्हा.

मी तेव्हा प्रेसमध्ये प्रुफं तपासायचो.
रात्री एकांकिका लिहायचो,
त्या स्पर्धेतून परत येत, टाचणीसकट.
मालक चहाला गेला की परब मला फुकट आत घेत.
म्हणजे सुरुवात मीही पाहिलेली नव्हती.

एकदा खेळ सुटल्यावर, खुर्च्यांखालची टरफलं लोटता लोटता
त्यांनी विचारलं,
"तू शिकलेलो. सांग मरे, सुरवातीक काय आसता?
तेका आवस आसा? घर खंय तेचा?"

खोटं बोलायला मला वेळ लागला नाही.
म्हटलं, लहानसं गाव आहे, पुलापलीकडे.
बाप घड्याळं दुरुस्त करतो.
आई स्टेशनवर पोचवायला येते,
आणि गाडी हलल्यावर तिला आठवतं
की छत्री द्यायची राहिली.
फलाट संपेपर्यंत ती धावते, छत्री हलवत...

"म्हणान छत्री," परब म्हणाले.
मग झाडू भिंतीला टेकवून
बराच वेळ एफच्या रांगेत बसून राहिले.

पुढच्या खेपेला
बँकेच्या साहेबासमोर छत्री फाडकन उघडली,
दौत उडाली, शाई साहेबाच्या टकलावर.
अख्खं थिएटर हसून लोळलं.
परब दाराच्या पडद्याशी उभे,
बॅटरी खाली, स्वतःच्याच चपलांवर धरलेली.
माझ्या लिखाणाला मिळालेली ती पहिली दाद.
मला वाटलं, त्यांच्या पोटात दुखतंय.

परवा भाचीनं मोबाइलवर तो सिनेमा शोधून दिला,
अगदी पहिल्यापासून.
दोन मिनिटं नुसती नावं.
मग दारावर थापा: घरमालक.
हा पलंगाखाली, भाडं सात महिन्यांचं थकलेलं.
गाव नाही, पूल नाही,
आई तर नाहीच नाही.
छत्री कुठून आली ते कुणी सांगत नाही.

मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. तेच.

थिएटरच्या जागी आता सोफ्यांचं दुकान आहे.
परब कणकवलीला गेले ते गेलेच.
पण ही सुरुवात त्यांना दाखवली असती
तर ते काय म्हणाले असते, मला ठाऊक आहे.
चष्मा कपाळावर सरकवून, पडद्याकडे बोट दाखवून:
"रीळ कापलेला आसा, मेल्यांनी."