आसराबाई

सेलूच्या बँकेतला साहेब म्हणाला,
"आसरा, म्हणजे निवारा ना? छान नाव."
ती नुसती हसली.

कुठं सांगत बसावं,
आईचं लेकरू जगेना तव्हा
दुधनेच्या डोहाकाठी
सात दगडांना शेंदूर लावून मागितलेली ती;
पाण्यातल्या बायांचं नाव,
ज्यांना अख्खं गाव भितं.

लग्नात तांदळावर लिहिलेली 'शालिनी'
दुसऱ्या दिवशी भातातच शिजली.
जाऊ हाक मारायची ती "आसरे, सरपण आण" अशीच.

परवा मध्यरात्री वरल्या गल्लीतली छबू
लेकरू काखेला घेऊन दारात.
ओठ फुटलेला.
हिनं काही विचारलं नाही.
कडी काढली, वाकळ अंथरली,
दाराआड कोयता टेकवून ठेवला.

मग अंधारात, स्वतःशीच:
"साहेबाचंबी खरंच हाय म्हणा."