तेल वर येईपर्यंत

पहाटे साडेपाचला राइस मिलचं शटर
मी अर्धंच उचलते. थंडी आधी आत शिरते, मग मी.
कोंड्याच्या ढिगावर निजलेलं कुत्रं
एक डोळा उघडतं, ओळखतं, मिटतं.

इंजिन गार.
रात्री साडेनऊला बंद केल्यापासून
त्याच्या अंगातलं तेल थेंबाथेंबानं उतरत
खाली चेंबरमध्ये जाऊन बसलंय.
वर क्रँक उघडी, कॅम उघडा,
उरला असेल तो ओशटपणा
पुसून घेतल्या ताटाला राहतो तेवढाच.

"इंजिन चालून नाही घासत वो पोरी,"
डोमा मिस्त्री म्हणायचे,
"उठताखेपी घासते."

भंगारातून त्यांनी उचलून आणलेला पितळी हातपंप
फिल्टरच्या बाजूला दोन बोल्टांनी कसलाय.
दांडा मागे, दांडा पुढे.
पहिले दहा-बारा हेलकावे हाताला काहीच लागत नाही,
पंधराव्याला किंचित जड,
विसाच्या पुढे वाटतं
पलीकडून कुणी दांडा धरलाय.
तेव्हा गेजचा काटा शून्य सोडतो.
अर्धा किलो. एक.
दीड.
मग सेल्फ.

मालकांचा भाचा निखिलेश नागपूरहून आला,
मोबाइलवर हिशोब मांडला त्यानं:
रोज चार मिनिटं, म्हणजे वर्षाचे चोवीस तास,
"एक अख्खा दिवस तुम्ही दांडाच हलवता, पुस्तकलाताई."
मिल आठच महिने चालते, मी म्हणाले.
ते त्यानं धरलं नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्या आधी येऊन
थेट सेल्फ मारला.
इंजिन लागलं. लगेच.
फक्त पहिल्या तीन-चार सेकंदांत
भातात खडा लागावा तसा एक आवाज
आला आणि गेला.
"झालं काही?" तो म्हणाला.
काहीच झालं नव्हतं.
काय दाखवणार होते मी त्याला?

साकोलीकडच्या एका मिलचं इंजिन उतरवलं
तेव्हा डोमा मिस्त्रींनी मला सायकलवर डबलसीट नेलं होतं.
बेअरिंगची वाटी रॉकेलनं धुऊन
माझ्या तळहातावर ठेवली.
राखाडी थर गेलेला, आतून लालभडक तांबं.
सुंदर दिसत होतं, खरं सांगते.
"पाह्य. हा तांबा एका दिवसात नाही निघाला.
सकार-सकार निघाला."

ते आता चुलबंदच्या पल्याड, लेकीकडे.
उजवा हात गेला, बोलणं गेलं,
लेक देवांगना रोज टोळीचं तेल चोळते.
पंपाला हात घालण्याआधी मी तिला फोन लावते,
ती फोन त्यांच्या कानाशी धरते,
मी माझा गेजखाली टांगते, सुतळीनं.
पंपाची कुई-कुई जाते तिकडे.
काटा दीडवर आला की तिकडून येतो
घशातल्या घशात एक "हं".
त्यांना काटा दिसत नाही.
माझा एकदाही चुकला असेल, त्यांचा नाही.

आज बाहेर धानाच्या दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या,
हॉर्नवर हॉर्न.
निखिलेश दारात, चहाचा कप हातात,
काट्याकडे बोट: "दीड झाला की ताई."
झालाय. मलाही दिसतंय.
दांडा मागे, दांडा पुढे,
पंचेचाळीस, शेहेचाळीस.
सुतळीवरचा फोन हळूहळू गोल फिरतोय,
आत कुठंतरी देवांगनाच्या बांगड्या वाजल्या,
कोंबडा आरवला, कप ठेवल्याचा आवाज आला.
"हं" अजून आलेला नाही.

बाहेरचा ड्रायव्हर ओरडतो, का झाला वो बाई?
थांब बे, मी म्हणते,
तेल वर यायचा हाये.