डाव्या कुशीतला काटा

एकतीस वर्षं मी सार्डिनचे काटे काढले
मातोझिन्योशच्या कारखान्यात, संगमरवरी ओट्याशी, उभ्यानं.
अंगठा पोटातून शेपटीकडे फिरवायचा,
मधला कणा अलगद उचलायचा,
मांसाला कळतासुद्धा कामा नये.
मुकादमीण फिलोमेना म्हणायची,
"देओलिंडा, तुझ्या डब्यात काटा सापडला
तर मीच घरी बसेन."

आता माझ्याच कुशीत एक आहे.

डॉक्टर म्हणतात, नाही.
पोर्तोच्या हॉस्पिटलात त्यांनी फोटो उजेडाला धरला:
डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला,
त्याच्याबरोबर गाठ गेली, बाकी सगळं स्वच्छ.
"दोन फासळ्यांमधून आत शिरताना
एक नस दुखावली, बाई.
वेळ लागतो."
किती?
त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
मीही पाहिलं.
मोठा काटा जरासा हलला.

चौदा महिने झाले.
स्तनाखाली वीतभर जागा बधिर आहे,
तिथे चिमटा काढला तर शेजारणीला काढल्यासारखा वाटतो.
आणि त्याच जागेला
झग्याचं धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड लागलं
की कुणी तापला तवा टेकवावा.
मेलेली आणि जळती, एकच कातडी.
गाडीत बसले की पट्ट्याखाली उशी,
खोकला आला की छातीशी उशी,
रात्री खुर्चीत, उशीसकट.
उशीला आता माझा वास येतो,
मला मलमाचा.

लक्झेंबर्गहून लेक फोन करते, रविवारी, जेवणाआधी.
"बरी आहेस ना, आई?"
"बरी आहे."
खोटं नाही ते.
दुखणं गेलं.
दुखणं राहिलं.

लोक आधी विचारतात, ओढायचीस का?
ओढायचे. कारखान्यामागे, बर्फाच्या पेट्यांवर बसून,
ग्रासिएत आणि मी, दोघींत एक.
तिनं तीच ओढली, तेवढीच ओढली,
आणि ती अजून चढावरून बटाट्यांची पिशवी नेते.
मी तिच्यावर रागावत नाही.
कधीकधी रागावते. मग तिलाच फोन करते.

बाजूच्या खाटेवरची इर्मेलिंडा मे महिन्यात गेली.
तिला माझा काटा देऊ केला असता
तर तिनं एप्रनच्या खिशात घालून
वर आभार मानले असते.
म्हणून मी गप्प बसते.
गप्प बसल्यानं काही कमी होत नाही, हेही खरं.

बेल्मिरोनं पलंगावरची बाजू बदलली.
बोलला नाही काही.
चाळीस वर्षं तो माझ्या डावीकडे झोपला,
आता मी खुर्चीतून पलंगावर येते पहाटे,
तेव्हा तो भिंतीकडे, उजवीकडे असतो,
आणि झोपेत त्याचा हात
माझ्या कोपरापर्यंत येऊन थांबतो.
झोपेतसुद्धा थांबतो.

काल सेंट जॉनची रात्र.
गल्लीभर शेगड्या, धूर, तेल गळणारे मासे,
आणि प्लास्टिकचे हातोडे घेऊन सगळं गाव
एकमेकांच्या डोक्यात हाणत होतं.
मी दारातच खुर्ची टाकून बसलेले.
वरच्या मजल्यावरचा दुआर्ते, सहा वर्षांचा,
हातोडा उगारून आला आणि थबकला.
त्याला आईनं बजावलं असणार.
"कुठे मारलं तर चालेल?"
मी डोकं पुढे केलं.
पिपाणीसारखा आवाज झाला,
मी हसले, आणि हसणं फासळीपर्यंत पोचलं,
तिथे त्याला जे व्हायचं ते झालं.
"पुन्हा," मी म्हटलं.

मग बेल्मिरोनं मासा आणला, पावावर.
काटे त्यानंच काढलेले, त्याच्या जाडजूड बोटांनी;
फिलोमेनानं पाहिलं असतं तर हाकलूनच दिलं असतं.
एक राहिलाच होता.
जिभेनं शोधला, दातांत धरला,
बोटावर घेऊन शेगडीच्या उजेडात पाहिला:
एवढासा, ओला, पांढरा.

हा तरी निघाला.