चार वर्षांचा करार

वाद्स्योच्या शोरूममध्ये आस्लाकनं विचारलं,
"तीन वर्षं की चार?"
गुन्वोर एकोणऐंशीची.
पेनाचं टोपण काढून तिनं बाहेर पाहिलं.
दुपारचे दोन, आणि मिट्ट काळोख.
"चार. किलोमीटरही जास्तीचे टाक."

आता केबल स्वयंपाकघराच्या खिडकीतून जाते,
फटीत नवऱ्याचा जुना लोकरी मोजा कोंबलेला.
गाडी चार्जिंगला असली की कॉफीचं यंत्र बंद,
नाहीतर फ्यूज उडतो.
उणे बावीसला
चारशे सांगितलेले जेमतेम दोनशे तीस भरतात.
"गुडघ्यांचंही तेच," म्हणत ती
काचेवरचं बर्फ खरवडते.
रात्री अंगणात हिरवा दिवा लुकलुकतो;
ती पडदा ओढत नाही.

गाडी परत घेताना
ओरखडे मोजतात म्हणे.

मोजा म्हणावं.